उभ्या गाडीची बॅटरी आणि तिचा चार्जर

धायरी फाट्यावरून आत वळले की डीएसके विश्वच्या चढापर्यंत सोसायट्यांची रांग लागते. कामाच्या दिवशी दुपारी त्यांच्या पार्किंगमध्ये चक्कर मारली, तर बऱ्याच चारचाकी काचेवर धूळ घेऊन जागच्या जागी उभ्या दिसतात. सिंहगड रोडची कोंडी ओळखून माणसे रोजच्या कामाला दुचाकी काढतात, काही घरूनच काम करतात. गाडी निघते ती शनिवार-रविवारी पानशेतला किंवा गावी जायला, नाहीतर घरात कुणाला दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा. नेमक्या त्या वेळी किल्ली फिरवली की नुसता टकटक आवाज येतो. बॅटरी उतरलेली असते.

मग शेजाऱ्याच्या गाडीवरून जंपर केबल, नाहीतर फोन करून बोलावलेला बॅटरीवाला. एकदा-दोनदा असे झाले की तिसऱ्या वेळी नवी बॅटरी बसते, आणि जुनीला जेमतेम दोन-अडीच वर्षे झालेली असतात. यातल्या पुष्कळ बॅटऱ्यांचे आयुष्य संपलेले नसते, असे माझे ठाम मत आहे. काही महिनोन् महिने अर्धवट चार्जवर राहिल्याने निकामी झालेल्या असतात, तर काही चुकीच्या चार्जरवर रात्रभर तापल्याने. चार्जर घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो "किती अँपिअरचा घेऊ?" सील्ड बॅटरीच्या बाबतीत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. चार्जर किती व्होल्टवर थांबतो आणि थांबल्यावर काय करतो, हे आधी विचारायला हवे. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या पर्यायांचा विचार मी याच एका कसोटीवर करणार आहे.

बॅटरी उभ्या उभ्या का उतरते, याचा हिशेब सोपा आहे. गाडी बंद असली तरी तिच्या आतले घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि संगणक थोडी वीज घेत राहतात. हे प्रमाण साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असते. ३० धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात. आल्टो, वॅगनआरसारख्या छोट्या गाड्यांत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिचा निम्मा साठा साधारण चोवीस दिवसांत संपतो. त्यात कुणी जीपीएस ट्रॅकर बसवलेला असतो, कुणी पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम. असा कॅमेरा २०० मिलिअँपिअर घेत असेल, तर तीच निम्मी बॅटरी चार दिवसांच्या आत जाते. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली, तेव्हा हा हिशेब सगळ्या शहराने एकाच वेळी अनुभवला. दोन महिन्यांनी लोक खाली उतरले, तर एकामागून एक गाड्या बंद.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. इंजिन चालू करताना बॅटरीतली बरीच वीज खर्च होते, असे समजले जाते. स्टार्टर १५०-२०० अँपिअर ओढतो हे खरे, पण तो सेकंद-दीड सेकंदच ओढतो. हिशेब केला तर एका स्टार्टला ०.१ अँपिअर-तासापेक्षाही कमी लागते. ती भरपाई पाच-दहा मिनिटांच्या फेरीत होऊन जाते. भरून येत नाही ती आठवडाभर उभ्या गाडीने हळूहळू गमावलेली वीज. रविवारी गाडी नुसती दहा मिनिटे खाली चालू ठेवून परत बंद करणारे अनेकजण आहेत. त्या दहा मिनिटांत इंजिन मंद गतीवर असल्यामुळे अल्टरनेटर थोडेच देतो, आणि एसी लावला असेल तर त्यातलाही मोठा भाग पंखा खातो. पेट्रोल मात्र जळते.

अर्धवट चार्जमध्ये राहिलेल्या बॅटरीत काय होते? वीज देताना शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. लगेच चार्ज केली तर ते पुन्हा विरघळते. दिवसेंदिवस तसेच राहिले तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात, प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. गॅरेजमध्ये "बॅटरी सल्फेट झाली" म्हणतात ते हेच. सल्फेट झालेली बॅटरी मीटरवर चांगले व्होल्टेज दाखवते आणि स्टार्टर लावताच कोसळते.

आता बॅटरीकडे पाहू, कारण चार्जर तिच्यावरून ठरतो. शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये गॅस्टन प्लाँते यांनी १८५९ साली बनवली. मोटारीत ती महत्त्वाची झाली १९१२ पासून, कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला तेव्हा. आपल्याकडे फियाट-ॲम्बॅसडरच्या काळात बॅटरीला सहा बुचे असत. महिन्याला ती उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि हायड्रोमीटरने ॲसिडची ग्रॅव्हिटी बघायची. पुण्याचा या धंद्याशी जुना संबंध आहे. आजच्या एक्साईडचा चिंचवडचा कारखाना १९६९ पासूनचा. त्याच कंपनीने १९९८ मध्ये स्टँडर्ड बॅटरीजचे तळोजा आणि कांजूरमार्गचे कारखाने घेतले. पुढे २००० साली अमरॉन बाजारात आली आणि बिनपाण्याची बॅटरी घरोघरच्या गाडीत पोचली. टाटा ग्रीन बॅटऱ्या रांजणगावला बनतात.

बुचे गेली त्यामागे धातुशास्त्र आहे. पूर्वी शिशाच्या जाळीत अँटिमनी मिसळत. त्यामुळे जाळी मजबूत होई, पण चार्जिंगच्या वेळी पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटत आणि पाणी कमी होत जाई. अँटिमनीच्या जागी कॅल्शियम आल्यावर वायू फारच कमी सुटू लागला. म्हणून वरून बंद केलेली बॅटरी शक्य झाली.

पण धायरीच्या दुकानात "सील्ड" म्हणून जे मिळते त्यात निदान तीन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली सर्वात जास्त खपणारी: कॅल्शियमच्या जाळीची, आत नेहमीसारखे द्रव ॲसिड असलेली मेंटेनन्स फ्री बॅटरी. हिच्या झाकणावर बहुधा हिरवा-काळा-पांढरा रंग दाखवणारा डोळा असतो. दुसरी ईएफबी, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांसाठीची दणकट आवृत्ती. हिच्यातही द्रव ॲसिड असते, पण अनेकदा अर्धवट उतरणे-भरणे सोसण्यासाठी प्लेटा वेगळ्या बनवलेल्या असतात. तिसरी एजीएम: प्लेटांच्या मध्ये काचेच्या तंतूंचा घट्ट पापुद्रा, आणि सगळे ॲसिड त्यात शोषलेले. एजीएमला झडप असते. चार्जिंगच्या वेळी धन प्लेटवर सुटलेला ऑक्सिजन त्या पापुद्र्यातून ऋण प्लेटकडे जातो आणि तिथे पुन्हा पाण्यात परततो. महागड्या जर्मन गाड्यांत आणि काही नव्या एसयूव्हींत ती दिसते. जेल बॅटरी हा चौथा प्रकार मोटारीत क्वचितच असतो.

कोणती आहे हे ओळखायला बॅटरीवरचे लेबल वाचावे लागते. एजीएम किंवा व्हीआरएलए असे छापलेले असेल तर ती तिसऱ्या प्रकारची. ईएफबी किंवा आयएसएस असेल तर दुसरी. काहीच नसेल आणि नुसते मेंटेनन्स फ्री असेल, तर पहिली. लेबलावर ३८बी२०एल किंवा डिन ६० असे क्रमांक असतात. ते मुख्यतः आकाराचे, पण त्यावरून क्षमताही कळते. ३८बी२० म्हणजे ३५ अँपिअर-तास. लेबल उन्हाने फिके पडण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवावा.

डोळ्याबद्दल एक सूचना. तो सहा सेलांपैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो. बाकीच्या पाचांपैकी एखादा खलास असला तरी डोळा हिरवाच. त्यापेक्षा तीनचारशे रुपयांचा मल्टिमीटर कितीतरी भरवशाचा. रात्रभर गाडी उभी असताना सकाळी दार किंवा बॉनेट उघडून थोडा वेळ थांबावे, आतले संगणक झोपू द्यावेत आणि मग टर्मिनलवर मोजावे. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे द्रव ॲसिडची बॅटरी पूर्ण भरलेली. एजीएम असेल तर १२.८ च्या पुढे. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी, आणि इथून खाली गेली की सल्फेट वेगाने साचायला लागते. १२ च्या खाली गेलेली बॅटरी त्याच दिवशी चार्जिंगला लावायची. माझा आग्रह १२.४ लाच लावण्याचा आहे. बॅटरी उतरल्यावर चार्जर शोधणाऱ्यापेक्षा ती उतरू न देणाऱ्याची बॅटरी जास्त वर्षे टिकते, आणि चार्जर घरी ठेवायचा तो त्यासाठीच.

आता मुख्य मुद्दा, व्होल्टेजचा. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. चार्ज करताना प्रत्येक सेलचे व्होल्टेज साधारण २.४ च्या वर गेले की दिलेली वीज साठण्याऐवजी पाणी फोडण्यात जायला लागते. सहा सेलांचे मिळून हे १४.४ व्होल्ट होतात. बुचांच्या बॅटरीत ही मर्यादा ओलांडली तर पाणी कमी होई आणि आपण ते भरत असू. सील्डमध्ये गेलेले पाणी परत घालायला जागाच नाही. द्रव ॲसिडच्या बॅटरीत थोडा जास्तीचा साठा असतो, त्यामुळे ती काही काळ निभावते. एजीएममध्ये शोषलेले ॲसिड मोजकेच असते. १५-१६ व्होल्टवर रात्रभर राहिली तर झडप उघडून वायू बाहेर जातो, पापुद्रा कोरडा पडतो आणि बॅटरी तापत जाते. तापली की ती आणखी वीज ओढते, आणखी तापते. फुगलेल्या अंगाची बॅटरी दिसली तर ती याच मार्गाने गेलेली असते.

कंपन्या साधारणपणे द्रव ॲसिडच्या मेंटेनन्स फ्री बॅटरीला १४.४ ते १४.८, एजीएमला १४.४ ते १४.७ किंवा १४.८, आणि जेलला १४.१ ते १४.४ व्होल्टची मर्यादा देतात. हे आकडे २५ अंश तापमानाचे. बॅटरी जितकी गरम, तितके कमी व्होल्टेज हवे. बारा व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे सुमारे ०.०२ व्होल्ट. एप्रिलच्या दुपारी पुण्यात पारा ४० ला जातो, तेव्हा १४.४ चे १४.१ व्हायला हवेत. जानेवारीच्या पहाटे १० अंश असतील तर १४.७. युरोपात लिहिलेल्या माहितीपत्रकात थंडीसाठी जास्त व्होल्टेजचे बटण वापरा असा सल्ला असतो. तो तिथे रास्त आहे. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस १४.४ वर थांबणारा चार्जर या सगळ्या प्रकारांना सुरक्षित ठरतो. शेवटचे पाच टक्के भरायला तो थोडा जास्त वेळ घेईल, एवढेच. उन्हाळ्यात शक्यतो रात्री लावावा.

या कसोटीवर बाजारातले पर्याय तपासू.

सर्वात जुना म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायरचा लोखंडी डबा, वर अँपिअरचा काटा आणि कमी-जास्त करायचे फिरते बटण. ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांसाठी चार्जिंगच्या दुकानांत हेच यंत्र पिढ्यान् पिढ्या चालले. तिथे पाच-सहा बॅटऱ्या एकीला एक जोडून ओळीत लावतात, ठरावीक अँपिअर सोडतात आणि चोवीस तास ठेवतात. बुचे उघडी असत, ॲसिड उकळायला लागले की कारागीर ओळखे. त्या कामात त्याचे कसब होते आणि त्या बॅटऱ्यांना ती पद्धत चालतही होती. सील्ड बॅटरीत मात्र कारागिराला आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि ओळीत लावल्यावर आधी भरलेल्या बॅटरीला थांबता येत नाही. शेजारची भरेपर्यंत ती ओव्हरचार्ज होत राहते. शिवाय या डब्याचे व्होल्टेज घरातल्या विजेवर हलते. रात्री उशिरा लाईनला २३० ऐवजी २५० आले की चार्जरचाही आकडा वर सरकतो. एजीएम बॅटरी अशा ठिकाणी कधीही देऊ नये. साधी मेंटेनन्स फ्री देण्याची वेळ आलीच तर एकटी लावायला सांगावी आणि दुकानात थांबून मीटरने बघावे.

त्याच्या पुढची पायरी "ऑटो कट-ऑफ" चार्जर. ठरलेल्या व्होल्टेजला पोचला की बंद. हे आधीपेक्षा बरेच चांगले, पण बंद झाल्यावर काही चार्जर कायमचे बंद राहतात, काही व्होल्टेज थोडे उतरताच पुन्हा पूर्ण जोराने चालू होतात. दुसऱ्या प्रकारचा चार्जर आठवडाभर लावून ठेवण्याजोगा नाही. कट-ऑफ कितीला होतो ते खोक्यावर लिहिलेले नसेल तर घेऊ नये.

ऑनलाईन दुकानांतून येणारे स्वस्त, रंगीत पडद्याचे "पल्स रिपेअर" चार्जर हल्ली घरोघर दिसतात. काहींचे काम ठीक असते. पण खोक्यावर १० अँपिअर लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, असा अनुभव येतो. मला त्यांच्यातली जास्त धोक्याची गोष्ट वाटते ती १२ आणि २४ व्होल्ट आपोआप ओळखण्याची. कार आणि दुचाकीसाठी २४ व्होल्टची गरजच नाही. ती सोय नसलेला चार्जर घ्यावा. रिपेअर म्हणजे सल्फेट फोडण्याच्या दाव्याबद्दल: ताजे, बारीक सल्फेट कुठल्याही चांगल्या चार्जरच्या सावकाश, पूर्ण चार्जिंगने विरघळते. वर्षभर साचलेले कठीण स्फटिक स्पंदनांनी पूर्ण परत येतील या भरवशावर पैसे घालू नयेत.

पुण्यातल्या कित्येक घरांत भारनियमनाच्या दिवसांपासून इन्व्हर्टर आहे. कारची बॅटरी वर आणून त्याला जोडली की काम झाले, असा सल्ला दर सोसायटीत कुणीतरी देतो. इन्व्हर्टर १०० अँपिअर-तासांच्या वरच्या, पाणी घालायच्या ट्युब्युलर बॅटरीसाठी बनलेला असतो. तो १० ते १५ अँपिअर सोडतो, आणि ३५ च्या कार बॅटरीला ते फार होतात. काही इन्व्हर्टर मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देतात, कारण ट्युब्युलर बॅटरीला त्याने फायदा होतो. सील्ड असे निवडायचे बटण इन्व्हर्टरला असेल आणि दुसरा उपायच नसेल, तर ते निवडून, समोर बसून, तासाभरापुरते. रात्रभर नाही.

विजेच्या स्कूटरचा किंवा लिथियम बॅटरीचा चार्जर बारा व्होल्टचा दिसला तरी वापरू नये. तीन सेलांच्या लिथियम पॅकचा चार्जर १२.६ व्होल्टवर थांबतो, त्याने शिशाची बॅटरी कधीच भरत नाही. चार सेलांच्या लिथियम-फॉस्फेटचा १४.६ वर जातो, पण पुढचा सांभाळण्याचा टप्पा त्याच्यात नसतो. पॉवर बँकेसारखे दिसणारे जंप स्टार्टर हे वेगळेच साधन. ते गाडी चालू करून देतात, बॅटरी भरत नाहीत. दूरच्या प्रवासात एक जवळ असावा हे मान्य.

आणि मग स्मार्ट चार्जर. याचे काम तीन मुख्य टप्प्यांत चालते. आधी ठरावीक अँपिअरने भरतो. व्होल्टेज १४.४ च्या आसपास आले की ते तिथेच धरून अँपिअर हळूहळू कमी होऊ देतो. बॅटरी भरली की १३.५ ते १३.८ वर उतरून तिला सांभाळतो. शेवटच्या टप्प्यात तो महिनाभर जोडलेला राहिला तरी चालते. स्वीडनच्या सीटेकचा एमएक्सएस ५.० हा यातला बहुधा सर्वात परिचित नमुना: ५ अँपिअर, नेहमीच्या पद्धतीत १४.४ व्होल्ट, एजीएमच्या बटणावर १४.७. त्यावर जुन्या बॅटरीला उभारी देण्यासाठी १५.८ व्होल्टचीही सोय आहे. ती उतरून गेलेल्या द्रव ॲसिडच्या बॅटरीसाठी. एजीएमवर ते बटण दाबू नये. बॉशचा सी३ त्याच धाटणीचा, ३.८ अँपिअरचा. नेदरलँड्सच्या व्हिक्ट्रॉनचे चार्जर मोबाईलवर व्होल्टेज आणि अँपिअर दाखवतात, आणि ज्याला आकडे बघायची आवड आहे त्याने तेच घ्यावेत. आयात मालाला कधी युरोपातला दोन पिनांचा प्लग असतो. त्याला सैल बसणारा कन्व्हर्टर न लावता इलेक्ट्रिशियनकडून आपल्याकडचा प्लग बसवून घ्यावा.

एक पर्याय क्वचितच सुचवला जातो, पण धायरी-नऱ्हे भागात छोटे कारखाने आणि इलेक्ट्रॉनिक्सची कामे करणारे इतके लोक आहेत की तो सांगायलाच हवा. टेबलावरचा नियंत्रित पॉवर सप्लाय, ज्यावर व्होल्टेज आणि करंटची मर्यादा स्वतः लावता येते. १४.४ व्होल्ट आणि ३.५ अँपिअर लावले की तो पहिले दोन टप्पे अचूक पार पाडतो. करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास स्थिरावला की काढायचा. उलटी जोडणी झाली तर तो वाचवणार नाही, म्हणून हे हाताला सवय असलेल्या माणसाचे काम.

आता अँपिअर. क्षमतेचा दहावा भाग हा जुना नियम अजूनही उत्तम आहे: ३५ ला ३.५, डिझेल गाडीच्या ६५ ला ६.५. पण चार-पाच अँपिअरचा एक चार्जर दोन्हींना पुरतो, मोठ्या बॅटरीला वेळ जास्त लागतो इतकेच. अर्धी उतरलेली ३५ ची बॅटरी ४ अँपिअरवर साधारण चार तासांत बऱ्यापैकी भरते, पण पूर्ण व्हायला त्यावर आणखी तितकाच वेळ द्यावा लागतो. "दोन तासांत फुल" म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. दुचाकीची बॅटरी मात्र ३ ते ९ अँपिअर-तासांची. तिला ५ अँपिअर सोडणे वाईटच. चार्जरवर मोटारसायकलचे, अर्धा-एक अँपिअरचे बटण असेल तर एकाच चार्जरमध्ये घरातल्या सगळ्या गाड्या सांभाळता येतात.

जोडणी करताना चार्जर बंद असावा. लाल चिमटा धन टर्मिनलला, काळा शक्यतो गाडीच्या उघड्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर. याला दोन कारणे. पहिले, ठिणगी पडली तर ती बॅटरीच्या तोंडाशी पडू नये. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की तो पेट घेऊ शकतो. दुसरे, नव्या गाड्यांत ऋण टर्मिनलवर बॅटरीची आवक-जावक मोजणारा सेन्सर असतो. चार्जर थेट टर्मिनलला लावला तर गाडीला कळतच नाही की बॅटरी भरली गेली. बॅटरी काढून घरात नेणार असाल तर काढताना आधी ऋण, लावताना शेवटी ऋण. आणि बाल्कनीत ठेवा, बेडरूममध्ये नाही.

पार उतरून आठ-नऊ व्होल्टला गेलेल्या बॅटरीला काही स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत आणि दिवा लाल दाखवून बसतात. चार्जर बिघडला असे समजून लोक तो परत करतात. अशा वेळी चांगल्या बॅटरीला जंपर केबलने काही मिनिटे जोडून व्होल्टेज वर आणले की चार्जर कामाला लागतो. मात्र रात्रभर चार्ज करूनही बॅटरी १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर एक सेल शॉर्ट झाला आहे. तिथे जगातला कुठलाही चार्जर उपयोगाचा नाही. काही ठिकाणी झाकणावरचे स्टिकर उचकटून, आतली बुचे उघडून पाणी घालून देतात. द्रव ॲसिडच्या बॅटरीला त्याने थोडे दिवस मिळतात, वॉरंटी जाते. एजीएमची झडप उघडली तर ती संपली. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना दुकानात द्यावी. तिच्या वजनाचा मोठा भाग शिसे असतो, आणि २२ ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. उघड्यावर शिसे वितळवले जाते तिथल्या मुलांच्या रक्तात ते उतरते.

विजेची गाडी घेतली की हा प्रश्न सुटला, असे वाटणाऱ्यांसाठी: नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हापासून आपल्या पार्किंगमध्ये अशा गाड्या वाढल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींना मोठ्या बॅटरीबरोबर एक छोटी बारा व्होल्टची बॅटरीही असते. दारे, दिवे, संगणक आणि मोठ्या बॅटरीचा स्विच तिच्यावर चालतो. ती उतरली तर मोठी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तिला हाच चार्जर, हेच व्होल्टेज लागते. मारुतीच्या काही स्मार्ट हायब्रिड मॉडेलांत शिशाच्या बॅटरीखेरीज एक लहान लिथियम बॅटरी असते. तिला मात्र बाहेरून काही लावायचे नाही.

खर्चाचा प्रश्न राहतो. छोट्या गाडीची बॅटरी आणि चांगला आयात चार्जर यांच्या किमती जवळजवळ सारख्या पडतात, म्हणून एकट्या माणसाला तो महाग वाटणे स्वाभाविक आहे. पण ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीने एक चार्जर घेतला तर? ३५ अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी पूर्ण भरायला एक युनिटही वीज लागत नाही, त्यामुळे कॉमन मीटरवर भार पडतो हा आक्षेप टिकणारा नाही. धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत आली. त्याआधी बांधलेल्या अनेक इमारतींच्या पार्किंगमध्ये एकही प्लग नाही. लोक तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडतात, तीही सैल जोडांची. कमिटीने वाहनांच्या ओळीत दोन ठिकाणी अर्थिंग आणि ईएलसीबीसह सॉकेट घ्यावे, चार्जर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवावा, आणि वहीत फ्लॅट क्रमांक, बॅटरीचा प्रकार, लावतानाचे आणि काढतानाचे व्होल्टेज लिहायची पद्धत पाडावी. त्या वहीतून कुणाची बॅटरी दर महिन्याला लवकर उतरते आहे तेही कळेल, आणि मग गाडीतली गळती शोधता येईल.

सॉकेटची उंची मात्र इलेक्ट्रिशियनवर सोडू नये. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाच्या विसर्गाने सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत पार्किंग बुडाले, गाड्या पाण्याखाली गेल्या. धायरी नदीपासून वर आहे, तरी जोराच्या पावसात उतारावरचे पाणी तळमजल्यात येतेच. सॉकेट छातीच्या उंचीवर, झाकणाच्या पेटीत घ्यावे. पाण्यात बुडालेल्या गाडीला चार्जर लावण्याआधी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून, ती बाहेर काढून, पुसून वाळवून मगच मोजावी.